तिसऱ्या नंबरचा जाणकार

शॉमबर्ग
९ जानेवारी १९९४

चि. उपासना,
जयभीम.

रविवारी तू फोन केलास. आम्ही घरी नव्हतो, म्हणून आमच्या फोनच्या मशीनवर निरोप ठेवलास: "मावशी, मी बोलतेय, खास काही नाही, बाय." खास काही नसेल तर निरोप कशाला, आणि असेल तर तो मशीनला कशाला सांगायचा? यापुढे पत्र लिहीत जा. पोरीचं मराठी सुटता कामा नये, असं तुझ्या आईने मला नागपूरहून बजावलं आहे. पत्रात "यार" लिहू नये, हे मी माझ्या वतीने बजावते.

आमच्याकडची बातमी अशी. मी घरांच्या विम्याचे अर्ज तपासते हे तुला ठाऊक आहे. कुणाच्या घराचा विमा उतरवायचा आणि कुणाला नाही म्हणायचं, हे ठरवण्यात माझी वीस वर्षं गेली. मागच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी आम्हां तिघांना बोलावलं: वॉल्टर, लोरेन आणि मी. म्हणाले, "तुम्ही आमचे सर्वांत जाणकार लोक. तुमचं शहाणपण कंपनीला कायमचं जपून ठेवायचं आहे." लोणचं घालताना कैरीलाही असंच काहीतरी सांगत असावेत. आमचं शहाणपण आता एका कॉम्प्युटरमध्ये उतरवणार आहेत. त्याला एक्स्पर्ट सिस्टिम म्हणतात.

त्यासाठी एका कन्सल्टिंग कंपनीने अमित नावाचा मुलगा पाठवला आहे, पुण्याचा. रोज सकाळी टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या टेबलापाशी बसतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत मला "काकू" म्हणाला. वॉल्टरला वाटलं हा माझा हुद्दा आहे. तोही आता काकू म्हणतो, आणि त्याचं ऐकून बाकीचेही.

अर्ज हातात आला की मी आधी नाव आणि पत्ता यांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवते. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याची आहे, काकांनी कापून दिलेली. मग छप्पर, वायरिंग, घर गरम ठेवणारी भट्टी, फायर स्टेशन किती लांब, आधी कधी आग लागली होती का, हे सगळं वाचते, निर्णय लिहिते, आणि मग पट्टी काढते. अमितने विचारलं, "हे कशाला, काकू?" मी म्हटलं, सवय. तो म्हणाला, "मशीनने काय बघायचं ते मी लिहू शकतो. काय बघायचं नाही ते कुठे लिहू?" तेव्हा त्याने ते लिहिलंच नाही.

इथे शिकागोकडे थंडी फार आहे. बसच्या थांब्यावर टोपी घालून उभी राहत जा.

मावशी


ॲन आर्बर
२३ जानेवारी १९९४

ती. मावशी,
सविनय जयभीम.

टोपी घालते. बस लेट येते त्याला मी काय करू?

मावशी, तू जे लिहिलंस ते वाचून मला टेन्शन आलंय. तुझ्यासोबत जे चाललंय तो आमच्या कॉम्प्युटरच्या कोर्समधला एक अख्खा चॅप्टर आहे. एक्स्पर्टला बोलतं कसं करायचं, त्याला आधी थोडं फुगवायचं, मग "तुम्ही हे कसं ओळखता?" असं पुन्हा पुन्हा विचारायचं. रिटायरमेंटचा विषय काढू नये असंही त्यात लिहिलंय. खरंच. एकदा तुमचं सगळं डोकं मशीनमध्ये गेलं की ते तुम्हा तिघांना पगार कशाला देतील? तू सगळं सांगू नकोस ना. थोडं हातचं राख. कुणाला कळणार आहे?

माझं मिशिगनमध्ये छान चाललंय. युनिव्हर्सिटीबाहेर एक पार्टटाइम जॉब मिळालाय, बेगल-पावाच्या दुकानावर दोन खोल्यांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. खालून दिवसभर वास येतो.

आणि ती पट्टी अजून आहे? काका मला त्यावरून जोक सांगायचे. मावशी, हे नागपूर नाही. इथे खोब्रागडे म्हणजे काय हे कुणाला माहीतच नाही, त्यांना ते उच्चारताही येत नाही. मी तर बाबांच्या नावातलं अर्धं घेऊन नुसतं "उपासना आनंद" लावते. सगळे खूश.

तुझी,
उपासना


शॉमबर्ग
६ मार्च १९९४

चि. उपासना,
जयभीम.

तुझा चॅप्टर वाचायला पाठव. अमितने तो नीट वाचलेला दिसत नाही, कारण त्याने पहिल्याच आठवड्यात मला रिटायरमेंटबद्दल विचारलं.

आमच्या नोकऱ्या जाणार हे मला कळत नाही असं तुला वाटतं. मला साहेबांच्या खोलीतच कळलं होतं. जपून ठेवायच्या गोष्टी लोक वापरात ठेवत नाहीत. मला निवृत्तीला अजून अवकाश आहे, घराचे हप्ते आहेत, आणि घरी बसून मी तुझ्या काकांचं डोकं खाईन ते वेगळंच. तेव्हा नोकरी मला हवी आहे. पण हातचं राखून शिकवणारे मास्तर मला आयुष्यात पुष्कळ भेटले. त्यांच्यातली एक व्हायला मी अमेरिकेत आले नाही. विचारेल ते सगळं सांगणार आहे.

आता पट्टीचं. काकांनी तुला जोक सांगितला. मी हकिकत सांगते. बी.एस्सी.ला लेखी पेपरवर फक्त नंबर असायचा. त्या पेपरांत मी कॉलेजात पहिली आले. मग तोंडी परीक्षेला गेले. समोरच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्ण नाव?" मी सांगितलं. दुसरा प्रश्न त्यांनी जवळजवळ विचारलाच नाही. तिथे मी कशीबशी पास झाले. त्या दोन परीक्षांमधल्या आठवड्यात माझी अक्कल कमी झाली नव्हती. तेव्हा मी ठरवलं, की मी कधी त्या बाजूच्या खुर्चीत बसले तर नाव शेवटी वाचीन.

अमितचंही ऐक. माझ्या बिल्ल्यावर नुसतं अंजना आहे. त्याने विचारलं, "काकू, आडनाव?" म्हटलं, वासनिक. "नागपूरकडचे का?" म्हटलं, हो. तो जरा वेळ टेपरेकॉर्डरशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "आमच्या घरी तसलं काही मानत नाहीत." मी विचारलं, "कसलं?" त्याने टेप बंद केला. मुलगा वाईट नाही. दुसऱ्या दिवशी आईने पाठवलेल्या चकल्या घेऊन आला.

खोब्रागडे उच्चारता येत नसेल तर शिकव. हेच लोक इथे पोलिश आडनावं बिनचूक उच्चारतात, आणि त्यांत तर स्वरसुद्धा नसतात.

मावशी


ॲन आर्बर
१५ मे १९९४

ती. मावशी,
सविनय जयभीम.

उशीर झाला, सॉरी. पण बातमी मस्त आहे.

बेगलवाल्या ऑफिसात मला स्वतःचा प्रोजेक्ट मिळालाय. एका कन्सल्टिंग कंपनीने डेटा पाठवलाय. कुणाचा, कशाचा, काही माहीत नाही, सगळं गुप्त. रकान्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसते नंबर. तीन एक्स्पर्ट आहेत आणि त्यांनी हजारो केसेसना दिलेलं हो किंवा नाही. त्यावरून मशीनने शिकायचं.

प्रॉब्लेम असा होता की मशीन शिकतच नव्हतं. एक आणि दोन नंबरचे एक्स्पर्ट अगदी व्यवस्थित, त्यांचं आपसांत जुळतं. तिसरा मात्र विचित्र. बाकीचे दोघे सरळ नाही म्हणतात तिथे हा खुशाल हो म्हणतो. बहुतेक कुणी कंटाळलेला म्हातारा असणार, दुपारी जेवून आला की मूडप्रमाणे सही ठोकत असेल. मी दोन आठवडे त्याच्यावर डोकं फोडलं आणि शेवटी त्याला काढूनच टाकला. मशीन एकदम सुधारलं. बॉस इतका खूश झाला की त्याने सगळ्यांना बेगल दिले. रिपोर्टवर माझं नाव आलंय, यू. आनंद.

तुमच्याकडे काय? तुझा अमित अजून येतो का?

तुझी,
उपासना


शॉमबर्ग
५ जून १९९४

चि. उपासना,
जयभीम.

अभिनंदन. अमित आता येत नाही. त्याचं आमच्याकडचं काम एप्रिलातच संपलं, आमचे हजारो जुने निर्णयही घेऊन गेला. जाताना म्हणाला, पुढचं मिशिगनमधले लोक करतील.

तुझ्या म्हाताऱ्याबद्दल दोन प्रश्न आहेत. तो चुकतो म्हणतेस, तो कुणाच्या मानाने चुकतो? दोघांचं एकमत झालं की तिसरा वेडा, हे मशीनने ठरवलं की तू? आणि तो जिथे वेगळा वागतो तिथे नेमकं काय असतं? काढून टाकण्यापूर्वी पाहिलं असशीलच.

काकांचा गुडघा बरा आहे. या उन्हाळ्यात मेथी चांगली आली आहे.

मावशी


ॲन आर्बर
१० जुलै १९९४

ती. मावशी,
सविनय जयभीम.

तुला एवढा इंटरेस्ट आलेला बघून मजा वाटली. तू आमच्या फील्डमध्ये असायला हवी होतीस.

हो, पाहिलं ना. रकाना दोन आणि रकाना तीन. एक नंबरचा आणि दोन नंबरचा एक्स्पर्ट त्या दोन रकान्यांवर खूप अवलंबून असतात. तिथे ठराविक काही आलं की त्यांचं उत्तर नाही. हा म्हातारा मात्र त्या रकान्यांकडे बघतच नाही. जणू कुणीतरी त्याच्यापुढे ते दोन रकाने झाकून ठेवलेत. बाकीच्या सगळ्या रकान्यांत तो उलट त्या दोघांपेक्षा काटेकोर आहे, हे आता लिहिताना लक्षात येतंय. पण आता काय उपयोग? सिस्टिम गेली क्लायंटकडे. बॉस म्हणतो, खूश क्लायंटला परत फोन करायचा नसतो.

मेथी पाठवता आली असती तर.

तुझी,
उपासना


शॉमबर्ग
१३ नोव्हेंबर १९९४

चि. उपासना,
जयभीम.

मधे लिहिलं नाही. ऑफिसात घडामोडी चालू होत्या आणि अर्धवट बातमी कळवायची मला सवय नाही.

मशीन सप्टेंबरात सुरू झालं. ऑक्टोबरात वॉल्टरला आणि लोरेनला निरोप दिला. वॉल्टरला घड्याळ मिळालं, लोरेनला कुंडीतलं रोपटं. साहेबांनी भाषण केलं, की वॉल्टर आणि लोरेन आता कायमचे आपल्यासोबत आहेत. ती दोघं त्या वेळी पार्किंगमध्ये आपापली खोकी गाडीत ठेवत होती. लोरेन माझ्याहून लहान आहे, मुलगा कॉलेजात आहे. तिने रोपटं तिथेच ठेवलं.

मला काढलं नाही. साहेबांनी कारण सांगितलं: "काकू, तुमचं ज्ञान सिस्टिममध्ये उतरू शकलं नाही." अगदी दिलगिरीने सांगितलं. मशीनला कळत नाहीत ते अर्ज बघायला कुणीतरी लागतं, म्हणून मी आहे. मशीनचं उरलेलं सामान पोचवायला आलेल्या अमितने मान खाली घालून खुलासा केला. ॲन आर्बरच्या एका कंपनीने तिसऱ्या नंबरच्या जाणकाराला गाळून टाकलं होतं. कंपनी बेगलच्या दुकानावर आहे का, हे मी त्याला विचारलं. आहे.

तेव्हा तुझा म्हातारा मी. माहितीसाठी सांगते, दुपारी जेवून मला झोप येत नाही. मी डब्यात भात नेत नाही. हे जूनपासून माझ्या लक्षात आलं होतं आणि जुलैत खात्री झाली. सांगितलं नाही, कारण तू स्वतः ओळखतेस का ते मला पाहायचं होतं.

मी शिकवलेलं सगळं तू फेकून दिलंस आणि म्हणून माझी नोकरी राहिली. ज्यांचं तू नीट जपलंस त्यांची गेली. आभार मानायचे की कान धरायचा, ते माझं ठरत नाही. काका म्हणतात दोन्ही.

एक गोष्ट मात्र लागली. अमितला पट्टी कळली नाही, ते मी समजू शकते. तुला मी जानेवारीत पट्टी सांगितली, मार्चमध्ये तिचं कारण सांगितलं. मेमध्ये तीच पट्टी आकड्यांत तुझ्यासमोर आली, आणि तू तिला म्हाताऱ्याचा मूड म्हणालीस.

मावशी


ॲन आर्बर
४ डिसेंबर १९९४

ती. मावशी,
सविनय जयभीम.

पत्र तीनदा लिहून फाडलं.

रकाना दोन म्हणजे नाव. रकाना तीन म्हणजे पत्ता. मी स्वतःच्या हाताने "झाकून ठेवलेत" असं लिहिलं आणि मला दिसलं नाही. मला ते नंबर वाटले, मावशी. खरंच नुसते नंबर वाटले.

बॉसला सांगितलं की तिसऱ्या एक्स्पर्टला परत घ्यायला हवं. तो म्हणाला, त्याने आपला स्कोअर खाली येईल. मी म्हटलं, स्कोअर चुकीच्या गोष्टीचा आहे. तो म्हणाला, "उपासना, क्लायंट हॅपी आहे." मी जॉब सोडला. थीसिस मार्चमध्ये संपेल, पुढचं पुढे.

आता ते मशीन तिथे काय करतंय?

उपासना


शॉमबर्ग
५ फेब्रुवारी १९९५

चि. उपासना,
जयभीम.

ते मशीन काय करतं ते विचारलं होतंस. ते वॉल्टर आणि लोरेन करायची तेच करतं, फक्त न थकता. ती दोघं दुष्ट नव्हती. शिकागोच्या पश्चिमेकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीतला पत्ता आला, नाव जरा अनोळखी आलं, की त्यांचा हात आपोआप नकाराच्या शिक्क्याकडे जायचा. पण एखाद्या शुक्रवारी वॉल्टर खुशीत असला की दोनचार अर्ज सुटून जायचे. मशीनला शुक्रवार नसतो. गल्ल्याच्या गल्ल्या नाकारल्या गेल्या. लोकांनी तक्रारी केल्या, राज्याच्या विमा खात्याने विचारणा केली, आणि आमचे वकील इमारतभर धावू लागले.

त्यांना पुरावा हवा होता, की कंपनीत कुणीतरी कधीतरी नाव-पत्ता न बघता निर्णय घेतले आहेत. शोधता शोधता ते माझ्या जुन्या फायलींपाशी पोचले. एक तरुण वकील पट्टी हातात घेऊन म्हणाला, "ही कंपनीची पद्धत होती का?" मी म्हटलं, "नाही, सीरियलचं खोकं होतं." त्याने ती पिशवीत घालून नेली. काकांना नवी कापायला सांगितली आहे.

आता मला काचेच्या दाराची खोली मिळाली आहे. मशीनने नाकारलेले अर्ज पुन्हा वाचायचे, असं नवीन खातं काढलं आहे. दारावर पूर्ण नाव लावायचं का, असं विचारलं. म्हटलं, लावा, वासनिकसकट.

काम पुष्कळ आहे, म्हणून माझ्या हाताखाली एक जागा भरायची आहे. पेपरात जाहिरात आली. प्रत्येक उमेदवाराने मशीनने नाकारलेली एक फाइल वाचून त्यावर मत लिहून पाठवायचं. निवड माझी. वाचण्याची पद्धत तुला माहीत आहेच.

जॉब सोडलास ते कळलं. काका म्हणाले, घाई केली. मी काही म्हणाले नाही, याचा अर्थ तुला कळेल.

मावशी


ॲन आर्बर
१२ मार्च १९९५

ती. मावशी,
सविनय जयभीम.

थीसिस सबमिट केला.

आणि मी तुमच्याकडे अप्लाय केलंय. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण लपवायचं नाही असं ठरवलंय. तू काही करू नकोस. कुणाला वशिला वाटायला नको म्हणून मी "उपासना आनंद" या नावानेच पाठवलाय, म्हणजे तुला ऑकवर्ड व्हायला नको. फाइल एका विटांच्या दुमजली घराची होती. मी त्यावर बारा पानं लिहिलीत, चार्टसकट. त्या मशीनमध्ये नेमकं काय चुकलंय हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण चुकवलं मीच. मला वाटतं ही जागा माझ्यासाठीच आहे. मिळाली तर तुझ्या बेसमेंटमध्ये राहीन, भांडी घासीन.

तुझी,
उपासना


शॉमबर्ग
९ एप्रिल १९९५

चि. उपासना,
जयभीम.

निकाल लागला. तुझा नंबर लागला नाही.

अर्ज पुष्कळ आले. मी सगळ्यांची नावं झाकून वाचले. बारा पानांचा अर्ज तुझा असणार हे मला चार्ट दिसताच कळलं, म्हणून तो मी काकांना वाचायला दिला आणि गुण त्यांनाच द्यायला सांगितले. काकांचा निकाल असा: मशीनबद्दल अकरा पानं, घराबद्दल एक. त्या घरातल्या बाईने वायरिंग बदलून घेतलं आहे, हे त्या एका पानात नाही. मी पुन्हा पाहिलं. नाही.

मी निवडलेला अर्ज दीड पानाचा होता, टाइप केलेला. त्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं: "या फाइलला मी पूर्वी नाही म्हटलं असतं. का म्हटलं असतं, ते शोधण्यासाठी मी ती तीनदा वाचली. घरात कारण सापडलं नाही." पुढे वायरिंग, छप्पर, भट्टी, सगळं मुद्देसूद. मी होकार लिहिला, सही केली आणि पट्टी काढली. लोरेन होती.

नेमणूक खात्याचा माणूस धावत आला. म्हणाला, "काकू, तिला परत कशाला घ्यायचं? लोरेन आपल्याकडे आहेच, सिस्टिममध्ये." मी म्हटलं, "मग सिस्टिमला विचारा, लोरेनला ही नोकरी हवी आहे का." तो गेला. लोरेन सोमवारपासून येते आहे. ऑक्टोबरातलं ते रोपटं मी पार्किंगमधून उचलून आणून पाणी घालून जगवलं होतं. तिच्या टेबलावर ठेवलं आहे.

सोमवारी अमितही परत येतो आहे, टेपरेकॉर्डर घेऊन. सिस्टिमची दुसरी आवृत्ती काढायची आहे, तिसऱ्या नंबरच्या जाणकारासकट. म्हणजे या वेळी माझं शहाणपण नीट उतरलं तर आम्हां दोघींना घड्याळ मिळेल. लोरेन फोनवर म्हणाली, "काकू, या खेपेला थोडं हातचं राखूया." तुझाच सल्ला. मी तिला तेच उत्तर दिलं जे तुला दिलं होतं. फक्त अमितला मी अट घातली आहे. टेप सुरू करण्याआधी त्याने आठवडाभर पट्टी घेऊन स्वतः अर्ज वाचायचे. तो म्हणाला, "काकू, हे माझ्या कामात बसत नाही." मी म्हटलं, "मग कामात बसव."

तू १४ तारखेला इकडे ये. हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम आहे, दोनशे लोकांचं जेवण आहे, भांडी घासायची तुझी हौस तिथे भागेल. बेसमेंट रिकामं आहे. नोकरी मिळेपर्यंत राहा, त्यासाठी अर्ज लागत नाही.

पुढचे अर्ज इथूनच कर. ते दीड पानाचे कर. आणि त्यावर नाव पूर्ण लिही, खोब्रागडेसकट, ठळक अक्षरांत. झाकायचं काम वाचणाऱ्याचं आहे, लिहिणाऱ्याचं नाही.

मावशी